अर्ध्या दिवसाचं शहर

कॅरिबियन समुद्र निळा असतो हे जाहिरातींनी आपल्या मनावर इतकं ठसवलेलं असतं, की पोर्ट ऑफ स्पेनच्या धक्क्याला बोट लागल्यावर कठड्यावरून खाली पाहणारा माणूस आधी थोडा खट्टू होतो. इथलं पाणी मातकट आहे. जवळच, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर, ओरिनोको नदी अनेक मुखांनी समुद्राला मिळते आणि तिचा गढूळपणा पॅरियाच्या आखातात उतरतो. मला मात्र ते पाणी पाहून बरं वाटलं. पावसाळ्यातली खाडी बघत मोठ्या झालेल्या कोकणातल्या बाईला निळ्याशार पाण्याचं कौतुक असतं, पण विश्वास वाटतो तो गढूळ पाण्यावर. त्यात कुठल्यातरी नदीचं काहीतरी आलेलं असतं.

त्रिनिदाद जगतं ते तेलावर आणि नैसर्गिक वायूवर. त्यामुळे बोटीतून उतरलेल्या माणसासाठी हे शहर नटूनथटून उभं नसतं. पिवळ्या पट्ट्यांच्या मॅक्सी-टॅक्सी भरून धावत असतात, बायका ऑफिसच्या कपड्यांत घाईघाईने रस्ता ओलांडतात, आणि तुम्ही आल्याची कुणाला फारशी खबर नसते. मला अशी शहरं आवडतात. ती आपल्याला पाहुणे करत नाहीत, वाटसरू म्हणून सोडून देतात.

बोटीवरून बसच्या सहली निघत होत्या. आम्ही दोघांनी त्याऐवजी अर्ध्या दिवसापुरती एक गाडी आणि एक माणूस ठरवला होता. नवऱ्याचं म्हणणं, बसमध्ये निदान एसी तरी बरा असतो. माझं म्हणणं असं की बसमधला माईक सगळ्यांना सारखंच सांगतो, पण गाडी चालवणारा माणूस आरशातून तुमच्याकडे बघत बघत काय सांगायचं आणि काय गाळायचं ते तिथल्या तिथे ठरवतो. शहर कळतं ते पुष्कळदा त्या गाळण्यातून.

आमचे गाईड साठी ओलांडलेले, किरकोळ बांध्याचे, कडक इस्त्रीच्या शर्टातले. नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होणारी, म्हणजे भाड्याची अधिकृत गाडी, ते त्यांनी आधी दाखवून घेतलं. चेहरा आपल्याकडचा. गोरखपूरच्या गाडीत समोरच्या बाकावर बसलेला दिसावा असा. बोलायला लागले की मात्र तो चेहरा कुठच्या कुठे जायचा, कारण इंग्रजी इथलं, गाण्याच्या चालीवर वरखाली होणारं. “इंडियात कुठे?” त्यांनी विचारलं. मी मुंबई म्हटलं. त्यांनी गाडी सुरू करायचं थांबवून मागे वळून पाहिलं. “मग ओव्हलला जायचंच. यादीत नाहीये, पण जायचं.”

आधी अर्थात यादीतलं. बंदराजवळचा इंडिपेन्डन्स स्क्वेअर म्हणजे समुद्रात भर घालून मिळवलेली जमीन, हे ऐकून आम्ही मुंबईकरांनी माना डोलावल्या. त्यातल्या लांबलचक फरसबंद वाटेला ब्रायन लाराचं नाव आहे. तिथून थोडं वर गेलं की वुडफर्ड स्क्वेअर येतो. मोठमोठी झाडं, एक कारंजं, बाकांवर वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे. १९५५ पासून एरिक विल्यम्स या चौकात व्याख्यानं देत असत. इतिहासाचा हा पंडित. साखर, गुलामगिरी आणि भांडवल यांचं नातं उलगडणारं त्यांचं पुस्तक १९४४ मध्ये आलेलं. ते सगळं ज्ञान त्यांनी उघड्यावर, उभ्या गर्दीपुढे मांडलं आणि लोक त्या चौकाला विद्यापीठ म्हणू लागले. पुढे १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा तेच पंतप्रधान होते.

चौकासमोर रेड हाउस, म्हणजे संसद. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाला, १८९७ मध्ये, इमारत लाल रंगवली म्हणून हे नाव. १९०३ मध्ये पाणीपट्टीच्या नव्या कायद्यावर लोक इतके चिडले की त्यांनी ती जाळून टाकली. पोलिसांच्या गोळीबारात १६ माणसं गेली. हे सगळं गाईडनी हातवारे करत, कोण कुठे उभं होतं इथपर्यंत सांगितलं, जणू आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं. पाण्यावरून सरकारी कचेरी पेटवणाऱ्या शहराबद्दल मला तिथेच आपुलकी वाटली. मग मी १९९० बद्दल विचारलं. त्या वर्षी जुलैत एका सशस्त्र गटाने याच इमारतीत पंतप्रधान रॉबिन्सन यांच्यासकट खासदारांना ओलीस धरलं होतं, पंतप्रधानांच्या पायाला गोळी लागली होती. “सहा दिवस,” ते म्हणाले. “मग संपलं.” आणि त्यांनी गिअर टाकला. १९०३ त्यांना तोंडपाठ होतं. १९९० त्यांनी पाहिलेलं होतं.

इमारतीची डागडुजी चालू असताना २०१३ मध्ये तिच्या खाली मूळच्या आदिवासींच्या अस्थी निघाल्या, युरोपीय माणसं यायच्या कितीतरी आधीच्या. नंतर त्या सन्मानाने पुन्हा पुरल्या. १४९८ मध्ये कोलंबस या बेटाजवळ आला, त्याची तीन जहाजं कालपरवापर्यंत देशाच्या राजचिन्हावर होती. २०२५ मध्ये ती काढली आणि त्या जागी स्टीलपॅन आलं.

स्टीलपॅन आम्हाला दिसलं त्याआधी ऐकू आलं. शार्लट स्ट्रीटवर एका पॅनयार्डच्या फाटकाआड कुणीतरी हातोडीने ठोकत होतं. एक ठोका, मग रबर लावलेल्या काडीने तोच सूर वाजवून पाहणं, मान तिरकी करून ऐकणं, पुन्हा ठोका. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून ठोकून आत वाकवायचा आणि त्याच पत्र्यावर सुरांची एकेक जागा बसवायची. १८८०च्या दशकात ब्रिटिशांनी कार्निव्हलच्या दंग्यांनंतर आफ्रिकी लोकांच्या ढोलांवर निर्बंध आणले. लोकांनी बांबू कापून जमिनीवर आपटायला सुरुवात केली. मग बिस्किटांचे डबे आले, कचऱ्याच्या डब्यांची झाकणं आली, आणि १९४०च्या दशकात तेलाची पिंपं. पूर्वेच्या टेकडीवर लाव्हेन्टिल दिसत होतं, जिथल्या गरीब वस्तीत हे वाद्य वाढलं. “तिकडे जाऊ या?” मी विचारलं. “इथून छान दिसतं,” ते म्हणाले. गाळण्याचा हा दुसरा नमुना. हट्ट करायचा नसतो अशा वेळी.

क्वीन्स पार्क सव्हाना हे शहराचं मैदान, सुमारे २६० एकर, आणि त्याभोवती गाड्या एकाच दिशेने फिरत राहतात. जगातलं सगळ्यात मोठं सर्कल आहे असं इथला प्रत्येक जण सांगतो; सांगू द्यावं. राल्फ वुडफर्ड या गव्हर्नरने १८१७ मध्ये पेशिए घराण्याकडून ही जमीन घेतली, पण घराण्याने आपली छोटी स्मशानभूमी विकली नाही. त्यामुळे आजही कार्निव्हलच्या त्या मैदानात, फुटबॉल खेळणारी पोरं आणि शहाळीवाले यांच्या मध्ये, भिंतीआड पेशिए मंडळी निवांत पडलेली आहेत. गुलाबी पुई फुलली होती. झाडावर पान दिसत नव्हतं.

मैदानाच्या पश्चिमेला सात वाडे ओळीने उभे आहेत. मॅग्निफिसन्ट सेव्हन म्हणतात त्यांना. बहुतेक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. कोकोला भाव होता, मळेवाल्यांकडे पैसा होता, आणि प्रत्येकाला युरोपातलं काही ना काही इथे उचलून आणायचं होतं. एकाने तर स्कॉटलंडचा किल्लाच बांधला, नारळीच्या झाडांत. नवरा प्रत्येक कमानीचा फोटो घेत होता. मला त्या ओळीत खरी इमारत वाटली ती क्वीन्स रॉयल कॉलेजची, कारण तिच्यातून घंटा झाल्यावर खरोखरची मुलं बाहेर आली. सी. एल. आर. जेम्स, एरिक विल्यम्स, नायपॉल तिघेही याच शाळेचे विद्यार्थी.

आणि मग ओव्हल.

फाटकावरच्या माणसाशी गाईड काहीतरी बोलले, दोघे हसले, आम्हाला आत सोडलं. मैदानावर पाणी मारत होते. पलीकडे उत्तरेच्या डोंगररांगा स्टँडच्या डोक्यावरून डोकावत होत्या. माझ्या वडिलांच्या क्रिकेटच्या कात्रणांच्या वहीत हे डोंगर होते. काळेपांढरे, धुरकट, सरदेसाईंच्या डोक्यामागे.

“१९७१, ६ मार्च,” गाईड म्हणाले. “बाप मला घेऊन आला होता. मी नऊ वर्षांचा.” मीही नऊच वर्षांची होते, गिरगावात. “आम्ही अजून बसायला जागा शोधतोय आणि आबिद अलीने पहिलाच चेंडू टाकला. फ्रेडरिक्स बोल्ड! बाप उभ्या उभ्या ओरडला. आजूबाजूचे सगळे बघायला लागले. त्याला काय वाटायचं ते वाटो, मला तर तोंड लपवावंसं वाटलं.”

बापाचा पाठिंबा भारताला होता. पोराचा वेस्ट इंडिजला. अशी घरं त्या काळी बेटावर पुष्कळ होती आणि त्यावरून शेजाऱ्यांत कुरबुरीही होत. तुम्ही इथे जन्मलात, इथलं खाता, आणि टाळ्या कुणाला वाजवता? गाईड हे सांगताना हसत होते, पण वडिलांची बाजूही सोडत नव्हते. “त्याने इंडिया कधी पाहिला नव्हता. अकरा माणसं आली, तीच त्याची इंडिया.”

मग आम्ही तो सामना पुन्हा खेळलो. जॅक नोरेगा त्रिनिदादचा ऑफस्पिनर. त्याने भारताच्या पहिल्या डावात ९५ धावांत ९ बळी घेतले. वेस्ट इंडिजच्या दुसऱ्या कुठल्याही गोलंदाजाला तेवढे एका डावात कधी मिळालेले नाहीत. आणि तरी सामना गेला. कारण मडगावहून मुंबईत आलेल्या दिलीप सरदेसाईंनी ११२ केल्या होत्या, पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या पोरसवदा गावस्करांनी ६५ आणि नाबाद ६७, आणि दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी सोबर्स आणि लॉइड दोघांनाही घालवलं होतं. वेस्ट इंडिजवर भारताचा तो पहिला कसोटी विजय. वाडेकर कर्णधार. वडिलांच्या वहीत त्या पानावर त्यांनी लाल शाईने चौकट आखली होती, एरवी ते घरातल्या लग्नाच्या तारखेलाही चौकट करत नसत.

एप्रिलमध्ये संघ पुन्हा याच मैदानावर आला. गावस्करांची दाढ ठणकत होती आणि त्यांनी १२४ आणि २२० केल्या. मालिकेत ७७४ धावा. लॉर्ड रिलेटर नावाच्या इथल्या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचला, आणि गाईडनी तो तिथेच, रिकाम्या स्टँडसमोर, बोटांनी ताल धरत म्हटला. ज्याने आपल्याला झोडपलं त्याच्यावर गाणं करणारं शहर! आपल्याकडे एखाद्या पाहुण्या फलंदाजाने वानखेडेवर असा उच्छाद मांडला असता तर त्याची आरती कुणी लिहिली असती? शंका आहे.

तिथून सेंट जेम्स. एके काळी उसाचा मळा, आता गजबजलेली वस्ती, आणि रस्त्यांना नावं दिल्ली, मद्रास, लखनौ, पाटणा, गंगा. बॉम्बे स्ट्रीटच्या पाटीखाली माझा फोटो काढणं नवऱ्याला अपरिहार्य वाटलं. साधासा रस्ता. एका कुंपणाआड कुत्रा, एका गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. नेपॉल स्ट्रीटवर नायपॉल यांच्या वडिलांनी १९४६ मध्ये घेतलेलं घर आहे, ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’मधलं. मी काचेला नाक लावून पाहत होते. गाईडनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. “मोठा लेखक,” ते म्हणाले. “आमच्याबद्दल एक चांगला शब्द लिहिला नाही.” नोबेल मिळालेल्या माणसाला त्याच्या गल्लीत असं प्रमाणपत्र मिळावं, यात मला नायपॉल यांचाही एक प्रकारे विजय दिसला. ज्या मोहरमला इथे होसे म्हणतात त्याचे उंच ताजिये मात्र त्यांनी मनापासून वर्णन करून सांगितले. ते याच रस्त्यावरून निघतात, ताशांच्या गजरात, आणि सगळ्या धर्मांची माणसं लोटतात.

भूक लागली होती. वेस्टर्न मेन रोडवर एका हातगाडीपाशी रांग होती. मुंबईकराला वडापावाची भूमिका जशी समजावून सांगावी लागत नाही, तशीच डबल्सचीही. हळदीचे दोन मऊ बारे, मध्ये रस्सेदार चणे, चिंच, कैरीचा कुचेला आणि तिखट. कागदात गुंडाळून हातात मिळतं, उभ्यानेच खायचं. “स्लाइट,” असं गाईड आमच्या वतीने म्हणाले, म्हणजे तिखट थोडंसं. नवऱ्याला ते अपमानास्पद वाटलं. दुसऱ्या डबल्सला त्याने पूर्ण तिखट मागवलं आणि पुढचा चढ संपेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

चढ फोर्ट जॉर्जचा. १८०४ साली बांधलेला हा किल्ला शहराच्या वर सुमारे ११०० फुटांवर आहे. इथल्या तोफांना कधी लढाईच पाहायला मिळाली नाही. मला तोफांपेक्षा तिथलं छोटंसं लाकडी घर लक्षात राहिलं. जहाजं आली की निशाणांनी शहराला कळवायचं ठाणं. १८८३ मध्ये त्याची आखणी केली कोफी न्टी नावाच्या राजपुत्राने. आफ्रिकेतल्या अशांती राज्याच्या राजाचा हा मुलगा. ब्रिटिशांनी ते राज्य हरवलं आणि हा इतक्या दूर येऊन सरकारी बांधकाम खात्यात रुजू झाला. त्याला घर आखायला मिळालं ते येणारी जहाजं पाहण्यासाठी. खिडक्या मोठ्या आहेत. चारी बाजूंनी वारा येतो.

तिथे उभं राहून गाईडनी पश्चिमेकडे बोट केलं. आखातात बारक्या बेटांचा पुंजका. त्यातलं एक नेल्सन. “आमची माणसं तिथे उतरायची.” ३० मे १८४५ ला फातेल रझाक जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये घेऊन आलं, आणि १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं आली. १८६६ पासून त्यांना आधी नेल्सन बेटावर उतरवून तपासत, मग मळ्यांवर वाटून देत. पाच वर्षांचा करार.

त्यांनी फोनवर एक फोटो काढून दाखवला. पणजीचा परवाना. नाव, बापाचं नाव, वय वीस, उंची, अंगावरची खूण, जिल्हा गाझीपूर. नवऱ्याच्या नावाची जागा रिकामी. एकटी आली होती. “गाझीपूर कसं आहे?” त्यांनी विचारलं.

सकाळपासून त्यांनी मला त्यांचं शहर दाखवलं होतं आणि आता पाळी माझी होती. मी गाझीपूर पाहिलेलं नाही. गंगेकाठी आहे, म्हटलं. इंग्रजांचा अफूचा कारखाना तिथे आहे. लॉर्ड कॉर्नवॉलिसची कबर आहे. हे सगळं त्यांनी कुठल्याही पुस्तकात वाचलं असतं, आणि वाचलंही होतं. ते मान हलवत ऐकत राहिले. रत्नागिरीचं विचारा, मी म्हटलं, हवं तेवढं सांगते. आमच्याकडची माणसं अशीच करारावर मॉरिशसला गेली. तिथल्या कुणी मला विचारलं तर मी त्याला वाडी, विहीर, पायवाट, सगळं सांगू शकेन. त्यांना मॉरिशसमध्ये रस नव्हता.

“तिथे आंबे असतात?”

“असतातच.”

“ज्यूलीसारखे?” ज्यूली हा इथला आंबा, बुटक्या झाडाचा. मी तो चाखला नव्हता. त्यांनी गझीबोखाली बसलेल्या बाईकडे असतील का म्हणून विचारलं. हंगाम नव्हता.

उतरताना आम्ही तिघेही पुन्हा क्रिकेटवर आलो. रक्ताचं, मातीचं, भाषेचं नातं शोधायला गेलं की आमच्या दोघांच्या हातात फारसं काही लागत नव्हतं. त्यांची भोजपुरी दोन पिढ्यांमागे सुटलेली, मला ती कधी येतच नव्हती. १९७१च्या मार्चमधले ते दिवस मात्र दोघांच्या मालकीचे होते, चेंडूगणिक.

धक्क्यावर त्यांचा एक मित्र टॅक्सीला टेकून उभा होता. उंच, आफ्रिकी वंशाचा, वयाने थोडा लहान. ओळख झाली, मुंबई हा शब्द निघाला, आणि त्याने मला सरळ जाबच विचारला. “१९७६ मध्ये याच ओव्हलवर तुम्ही चौथ्या डावात चारशे सहा केल्यात. आमचे तीन स्पिनर होते. त्यानंतर लॉइडने स्पिनर टाकले आणि फास्ट बोलरांची फौज उभी केली. पुढे वीस वर्षं जगाने जो मार खाल्ला, त्याचा दोष तुमचा.”

“पुढचा सामना किंग्स्टनला होता,” मी म्हटलं. “पहिला मार आमच्याच पोरांनी खाल्ला. गायकवाड हॉस्पिटलात होते.”

“ते खरं,” तो म्हणाला. “पण सुरुवात कुणी केली?”

नवरा घड्याळ दाखवत होता. आमच्या गाईडनी मित्राला बाजूला सारून हिशेब केला. ओव्हलला अर्धा तास जास्त झाला होता, तो त्यांनी वेगळा लावला. ‘यादीत नाहीये पण जायचं’ हे त्यांचंच वाक्य मी त्यांना ऐकवलं. “नोरेगाचे नऊ बळी,” ते नोटा मोजत म्हणाले, “फुकट थोडेच सांगितले?”